सॉफ्टवेअर दरवर्षी भाड्याने की एकदाच विकत? पैसे भरण्याआधी काय तपासायचं

नवा लॅपटॉप पसंत केला की बिल होता होता दुकानात विचारतात, "ऑफिस टाकून देऊ ना? वर्षाचं देऊ की लाइफटाइम?" वाशीचं सेक्टर १७ असो नाहीतर ठाण्यातला गोखले रोड, प्रश्न हाच असतो आणि उत्तर द्यायला जेमतेम अर्धं मिनिट मिळतं. त्या अर्ध्या मिनिटातल्या निर्णयाचे पैसे पुढची चार-पाच वर्षं जात राहतात. म्हणून दुकानात जाण्याआधी, किंवा ऑनलाइन 'पे नाऊ' दाबण्याआधी, खालच्या पायऱ्या एकदा वाचून घ्या. ऑफिस (मायक्रोसॉफ्टचा वर्ड-एक्सेलचा संच), अँटिव्हायरस, फोटो-डिझाइनची सॉफ्टवेअर्स, क्लाउडवरची जागा, हिशोबाची टॅली असं घरात किंवा छोट्या धंद्यात लागणारं सगळं यात धरलं आहे.

बहुतेक जण 'महिन्याला किती पडतं' इथून सुरुवात करतात. तो प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा: उद्या मी पैसे भरायचं थांबवलं, तर माझ्या हातात काय राहील? याचं उत्तर स्पष्ट मिळाल्याशिवाय कशालाच हो म्हणू नका.

१. समोर ठेवलेली वस्तू कोणत्या प्रकारची आहे ते ओळखा

काउंटरवर प्रकार दोनच सांगतात, 'वर्षाचं' आणि 'लाइफटाइम'. प्रत्यक्षात निदान पाच आहेत आणि फसगत होते ती मधल्या तिघांत.

सबस्क्रिप्शन: पैसे भराल तोवर चालतं. मायक्रोसॉफ्ट ३६५ पर्सनल हे याचं नेहमीचं उदाहरण. एका माणसासाठी, एका वेळी पाच उपकरणांवर, सोबत वनड्राइव्हवर १ टीबी जागा. त्याचंच फॅमिली सहा जणांपर्यंत चालतं आणि प्रत्येकाला स्वतंत्र १ टीबी मिळते. नवीन सोयी येत राहतात, पण किंमतही वाढू शकते. जानेवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने कोपायलट हे एआयचं साधन यात घातलं आणि दर वाढवले. आधीपासूनच्या ग्राहकांना कोपायलट नसलेला जुन्या दराचा 'क्लासिक' पर्याय होता, पण तो सबस्क्रिप्शन बंद करायला गेल्यावरच समोर यायचा. रिन्यू करण्याआधी एकदा 'कॅन्सल'च्या पानापर्यंत जाऊन यायची सवय म्हणूनच ठेवावी. तिथवर गेलं म्हणजे लगेच बंद होत नाही, आणि स्वस्तातला पर्याय असेल तर तो तिथेच दिसतो.

एकदाच पैसे भरून घ्यायचं कायमचं लायसन्स: ऑफिस होम २०२४ या प्रकारातलं. वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट, वननोट, तेही एकाच पीसीवर किंवा एकाच मॅकवर. आउटलुक आणि धंद्यासाठी वापरण्याचा हक्क हवा असेल तर 'होम अँड बिझनेस' घ्यावं लागतं. यात नवीन आवृत्ती फुकट मिळत नाही, फक्त सुरक्षेचे अपडेट्स मिळतात आणि त्यांचीही तारीख ठरलेली असते. हे लायसन्स म्हणजे पगडीची खोली: मोठी रक्कम एकदाच भरली, राहायला कुणी हरकत घेत नाही, पण मालक दुसराच आणि खोली दुसऱ्याच्या नावावर करायची तर त्याच्या अटी पाळाव्या लागतात.

लायसन्स कायमचं, पण अपडेट्स वर्षाच्या पैशांवर: टॅलीप्राइमचं उदाहरण घ्या. लायसन्स कायमचं विकत घेता येतं, पण टीएसएस नावाची सेवा पहिल्या वर्षानंतर पैसे भरून रिन्यू करावी लागते. ती संपली तरी हातातली टॅली चालते आणि हिशोब उघडतात. नवीन रिलीज आणि ऑनलाइन जोडलेल्या सोयी मात्र थांबतात. सोसायटीचे हिशोब ठेवणाऱ्या कमिट्यांनी ही रक्कम बजेटमध्ये दरवर्षी धरायलाच हवी. पहिल्या वर्षी 'एकदाच घेतलं' असं लिहून पुढच्या कमिटीला कोड्यात टाकू नका.

मुदतीचं लायसन्स: एकरकमी पैसे घेतात, ऑटोपे नसतं, म्हणून कायमचं वाटतं, पण मुदत छापलेली असते. ॲडोबीचं फोटोशॉप एलिमेंट्स वर्षानुवर्षं कायमचं मिळायचं. २०२५ च्या आवृत्तीपासून ते तीन वर्षांच्या मुदतीवर गेलं. तीन वर्षं झाली की फोटो एडिट करणं बंद. अँटिव्हायरसचा डबाही याच जातीचा. '१ युजर, ३ वर्षं' म्हणजे नेमकं तेवढंच. त्याची मुदत सहसा डबा घेतल्या दिवसापासून नाही, तर ॲक्टिव्हेट केल्या दिवसापासून मोजतात. म्हणून जुन्याचे दोन महिने शिल्लक असताना नवा डबा स्वस्तात मिळाला तर घेऊन ठेवायला हरकत नाही, फक्त त्यावर छापलेली 'या तारखेआधी ॲक्टिव्हेट करा' ही सूचना वाचा.

ओईएम: लॅपटॉपसोबत येणारं विंडोज. ते त्या मशीनच्या मदरबोर्डला बांधलेलं असतं आणि लॅपटॉप भंगारात गेला की तेही गेलं. रिटेल लायसन्स मात्र जुन्या मशीनवरून काढून नव्यावर नेता येतं. पार्ट जोडून डेस्कटॉप बनवून घेत असाल तर विंडोज ओईएम आहे की रिटेल हे विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

२. पाच वर्षांचा हिशोब कागदावर मांडा

इथे जरा वेळ द्या, कारण घर बदललं की उत्तर उलटं होतं. खालचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल धरले आहेत. दुकानाचा किंवा कंपनीच्या साइटचा त्या दिवसाचा दर घेऊन हाच हिशोब स्वतः करा.

एकाचं कायमचं लायसन्स १२,००० रुपये, एकाचं सबस्क्रिप्शन वर्षाला ६,०००, कुटुंबाचं सबस्क्रिप्शन वर्षाला ८,००० असं धरू.

एकटा माणूस, एकच लॅपटॉप: कायमचं १२,०००, तर पाच वर्षांचं सबस्क्रिप्शन ३०,०००. दोन वर्षांतच बरोबरी होते, पुढची तीन वर्षं सबस्क्रिप्शनवाला नुसते पैसे भरत राहतो. इथे कायमचं घ्यावं, यात फारसा वाद नाही.

तोच माणूस, पण घरी डेस्कटॉप आणि सोबत लॅपटॉप: कायमची दोन लायसन्स २४,०००, सबस्क्रिप्शन तेच ३०,०००, कारण त्यात पाच उपकरणं चालतात. फरक सहा हजारांवर आला. त्याला फोटोंसाठी क्लाउडवर जागा लागतच असेल आणि तिचे पैसे तो आधीच वेगळे भरत असेल, तर सबस्क्रिप्शन स्वस्त पडेल.

घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमध्ये आई, वडील आणि कॉलेजातली दोन मुलं, चौघांची चार मशीन: कायमची चार लायसन्स ४८,०००. कुटुंबाचं सबस्क्रिप्शन पाच वर्षं ४०,०००, वर प्रत्येकाला १ टीबी. इथे पारडं पुरतं फिरलं. पण चौघांनाही खरंच लागतं का? वडिलांना महिन्यातून एक पत्र टाइप करायचं असतं. त्यासाठी लायसन्स मोजू नका.

हिशोबात तीन गोष्टी हमखास सुटतात.

पहिली, जीएसटी. सॉफ्टवेअरवर १८ टक्के. काउंटरवर 'बारा हजार' म्हणाले आणि बिलात 'प्लस जीएसटी' निघालं तर १४,१६० होतात. आकडा नेहमी सगळं धरून विचारा.

दुसरी, उरलेली वर्षं. कायमच्या लायसन्सची किंमत सपोर्टच्या उरलेल्या वर्षांनी भागायची. ऑफिस २०२४ चा सपोर्ट ९ ऑक्टोबर २०२९ ला संपतो, ऑफिस २०२१ चा १३ ऑक्टोबर २०२६ ला. ऑफिस २०१६ आणि २०१९ दोन्हींचा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज १० चाही त्याच दिवशी. सपोर्ट संपला म्हणून सॉफ्टवेअर बंद पडत नाही, पण सुरक्षेच्या नव्या भोकांवर ठिगळ मिळणं थांबतं आणि बँकेची कामं त्याच मशीनवर करत असाल तर ते जोखमीचं आहे. बारा हजाराचं लायसन्स पाच वर्षं चाललं तर वर्षाला २,४००. तेच जुन्या आवृत्तीचं साडेसात हजाराला 'ऑफर'मध्ये घेतलं आणि दीडच वर्ष उरलं असेल, तर वर्षाला ५,०००. डिस्काउंट मोठा दिसला की आधी आवृत्तीचं साल बघा.

तिसरी, परदेशी चलन. काही छोट्या कंपन्या डॉलरमध्येच पैसे घेतात. कार्डावर परकीय चलनाचं मार्कअप लागतं, साधारण दोन ते साडेतीन टक्के, आणि त्या मार्कअपवर पुन्हा जीएसटी. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत का तेही बँकेच्या ॲपमध्ये बघा. नव्या कार्डांवर ते सुरुवातीला बंदच असतात.

३. थांबल्या दिवशी काय उरतं ते आधीच शोधून ठेवा

ज्या सॉफ्टवेअरचा विचार करताय त्यासाठी तीन प्रश्नांची उत्तरं लिहून काढा: फाइल उघडेल का? बदलता येईल का? दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेता येईल का?

मायक्रोसॉफ्ट ३६५ संपलं की सुमारे महिनाभर सवलत मिळते. मग वर्ड-एक्सेल उघडतात, फाइल दिसते, छापता येते, पण नवीन लिहिता येत नाही. फाइल्स तुमच्याच राहतात आणि फुकटच्या लिब्रेऑफिसमध्ये उघडतात. खरा धोका वनड्राइव्हचा. फुकटची मर्यादा ५ जीबी. तुम्ही तिथे २०० जीबी फोटो ठेवले असतील तर नवीन काही चढत नाही, आणि सहा महिन्यांहून जास्त काळ मर्यादेवर राहिलात तर कंपनी फाइल्स काढून टाकू शकते. म्हणून सबस्क्रिप्शन संपायच्या आधी सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा, संपल्यावर नाही. गूगलचंही तेच: १५ जीबीपर्यंत फुकट, आणि मर्यादेवर दोन वर्षं राहिलात तर जीमेल, ड्राइव्ह, फोटो यांतला मजकूर जाऊ शकतो.

लाइटरूम क्लासिकचं सबस्क्रिप्शन संपल्यावर फोटोंची लायब्ररी बघता येते, फोटो एक्स्पोर्ट करता येतात, मात्र फोटोवर काम करायचा 'डेव्हलप' हा भाग बंद होतो. इनडिझाइनमध्ये मासिक किंवा स्मरणिका केली असेल तर सोडण्याआधी प्रत्येक फाइल पीडीएफ आणि आयडीएमएल अशा दोन्ही स्वरूपांत काढून ठेवा. ॲडोबीने मे २०१३ मध्ये क्रिएटिव्ह सूट पुढे न्यायचं थांबवून सगळं सबस्क्रिप्शनवर नेलं, तेव्हापासून फोटोशॉपची नवी आवृत्ती कायमची विकत मिळत नाही. ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कने नवी कायमची लायसन्स विकणं २०१६ मध्ये थांबवलं.

कायमचं लायसन्सही अभेद्य नाही. बहुतेक सॉफ्टवेअर नव्या मशीनवर टाकताना कंपनीच्या सर्व्हरला विचारून ॲक्टिव्हेट होतं. ॲडोबीने क्रिएटिव्ह सूट २ चे ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले तेव्हा पैसे भरून घेतलेल्यांनाही नव्याने टाकताना अडचण आली. तेव्हा 'कायमचं' याचा व्यवहारातला अर्थ इतकाच: या मशीनवर, या विंडोजवर, जोवर नव्याने टाकावं लागत नाही तोवर निश्चिंत.

फ्लेक्स, लग्नपत्रिका करणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. कोरलड्रॉ अजून दोन्ही पद्धतींनी मिळतं, सबस्क्रिप्शनने आणि एकदाच पैसे भरूनही. एकदाच घेतलंत तर दोन-तीन वर्षांनी गिऱ्हाईक नव्या आवृत्तीतली सीडीआर फाइल आणेल आणि ती तुमच्याकडे उघडणार नाही. जुनी आवृत्ती नवी फाइल वाचत नाही. यावर उपाय सोपा आहे, पण आधी सांगावा लागतो: ऑर्डर घेतानाच गिऱ्हाइकाला 'जुन्या आवृत्तीत सेव्ह करून द्या किंवा पीडीएफ द्या' असं कळवायचं. एवढ्यासाठी सबस्क्रिप्शन घेण्याची गरज बहुतेकांना पडत नाही.

श्रीलिपीसारखं डोंगल लावून चालणारं मराठी सॉफ्टवेअर असेल तर ते यूएसबी कुलूप हेच लायसन्स. हरवलं तर गेलं. बिल आणि डोंगलवरचा क्रमांक फोटो काढून ठेवा. आणि फक्त मराठी टाइप करायचं असेल तर यातलं काहीच विकत घेऊ नका. विंडोज १० आणि ११ मध्ये इनस्क्रिप्ट आणि मराठी फोनेटिक हे दोन्ही कीबोर्ड फुकट आहेत, सेटिंग्जमध्ये जाऊन मराठी भाषा जोडली की झालं.

४. फुकटचा पर्याय दोन आठवडे खरोखर वापरा

लिब्रेऑफिस (पडद्यावरचे मेनूही मराठीत करता येतात), फोटोसाठी गिम्प, लोगो-चित्रांसाठी इंकस्केप, व्हिडिओसाठी दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती. दाविंचीची पुढची पायरी, म्हणजे स्टुडिओ, एकरकमी मिळते. विंडोजमध्ये डिफेंडर आधीच असतो, घरगुती वापराला तो पुरतो. अपडेट बंद करून ठेवायची सवय असलेल्याला कुठलाच अँटिव्हायरस वाचवत नाही. लिब्रेऑफिसमध्ये अडतं ते मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असलेल्या एक्सेल फाइल्समध्ये आणि बारीक मांडणी केलेल्या वर्ड फाइल्समध्ये. ऑफिसातून अशा फाइल्स येत असतील तरच पैशांच्या गोष्टीकडे वळा.

विद्यार्थ्यांनी आधी कॉलेजात विचारावं. बऱ्याच कॉलेजांत संस्थेच्या ईमेलवर मायक्रोसॉफ्ट ३६५ फुकट मिळतं. ऑटोडेस्क पात्र विद्यार्थ्यांना एक वर्षाचं लायसन्स देतं आणि पात्र असाल तोवर ते दरवर्षी वाढवता येतं. त्यावर पैसे घेऊन ड्रॉइंग करून देणं नियमबाह्य आहे. संस्थेच्या खात्यावर घरचे फोटो किंवा वैयक्तिक कागद ठेवू नका, पास होऊन बाहेर पडलात की ते खातं बंद होतं.

५. कायमचं लायसन्स दुकानातून घेताना

सोबत न्यायच्या आणि घरी आणायच्या गोष्टी:

- स्वतःच्या नावाचा ईमेल आणि त्याचा पासवर्ड. ओटीपी येणारा फोनही हातात हवा.
- धंद्यासाठी घेत असाल तर तुमचा जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणीचा क्रमांक), म्हणजे तो बिलावर येईल.
- घरी आणायचं: जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर सॉफ्टवेअरचं पूर्ण नाव, आवृत्तीचं साल आणि 'रिटेल' किंवा 'ओईएम' हा शब्द.
- २५ अक्षरांची प्रॉडक्ट-की असलेलं कार्ड. ते दुकानात ठेवून यायचं नाही. डब्यात डिस्क नसेल तर दचकू नका, हल्ली कार्डच येतं.

बिलावरचा दुकानाचा जीएसटीआयएन १५ अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातल्या दुकानाचा २७ ने सुरू होतो. राज्यातल्या राज्यात घेतलं तर कर ९ अधिक ९ असा दोन ओळींत दिसतो, परराज्यातल्या विक्रेत्याकडून मागवलं तर १८ टक्के एकाच ओळीत. तो क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेयर'मध्ये टाकला की दुकानाचं नाव येतं. फोनवर एका मिनिटाचं काम आहे, काउंटरवरच करा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ऑफिसची प्रॉडक्ट-की पहिल्यांदा भरताना ज्या ईमेलवरून लॉगिन केलेलं असतं, त्या खात्याला ती चिकटते. दुकानातला मुलगा घाईत स्वतःच्या किंवा दुकानाच्या ईमेलवरून करून टाकतो, तुमच्या लॅपटॉपवर ऑफिस मस्त चालतं आणि दोन वर्षांनी हार्ड डिस्क बदलायची वेळ आली की कळतं की लायसन्स भलत्याच खात्यात आहे. म्हणून लॉगिनच्या पडद्यावर कीबोर्ड स्वतःकडे घ्या आणि ईमेल स्वतः टाइप करा. झाल्यावर वर्ड उघडून 'फाइल', मग 'अकाउंट' दाबा. तिथे सॉफ्टवेअरचं नाव, ॲक्टिव्हेट झाल्याची नोंद आणि 'बिलॉन्ग्स टू'पुढे ईमेल दिसतो. तो तुमचाच असला पाहिजे. याचा फोटो काढा आणि मग पैसे द्या.

विंडोज तपासायचं तर स्टार्टजवळच्या शोधपट्टीत सीएमडी शोधा आणि उघडलेल्या काळ्या खिडकीत एस-एल-एम-जी-आर ही पाच रोमन अक्षरं, एक मोकळी जागा, तिरकी रेघ आणि डी-एल-आय असं टाइप करून एंटर दाबा. छोटी चौकट येते. त्यात 'ओईएम', 'रिटेल' किंवा 'व्हॉल्यूम' यांपैकी एक शब्द असतो. डी-एल-आयच्या जागी एक्स-पी-आर लिहिलंत तर लायसन्स कायमचं आहे की कुठल्या तारखेला संपतं ते कळतं. घरगुती मशीनवर 'व्हॉल्यूम' (म्हणजे मोठ्या संस्थांना दिलेलं लायसन्स) दिसलं तर पैसे देऊ नका.

६. पाचशे रुपयांची 'लाइफटाइम' प्रॉडक्ट-की

ऑनलाइन बाजारात आणि व्हॉट्सॲपवर 'ऑफिस प्रोफेशनल प्लस, लाइफटाइम, ४९९' अशा जाहिराती येतात. नावातच खूण आहे. प्रोफेशनल प्लस ही आवृत्ती मोठ्या संस्थांना व्हॉल्यूम लायसन्सवर मिळते, सुट्या गिऱ्हाइकाला नाही. 'एलटीएससी' हा शब्द दिसला तरी तेच. कुठल्यातरी कंपनीच्या कोट्यातली प्रॉडक्ट-की शेकडो जणांना विकलेली असते. काही केएमएस पद्धतीने चालतात. त्यात सॉफ्टवेअरला दर १८० दिवसांच्या आत संस्थेच्या सर्व्हरशी बोलावं लागतं. तुमच्या मशीनवर विक्रेत्याने खोटा सर्व्हर बसवलेला असतो, आणि तो चालावा म्हणून अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. अँटिव्हायरस बंद करा म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा.

याहून वाईट प्रकार म्हणजे प्रॉडक्ट-की न देता तयार युजरनेम आणि पासवर्ड देणं, '५ डिव्हाइस, १ टीबी, लाइफटाइम'. युजरनेमच्या शेवटी ऑनमायक्रोसॉफ्ट डॉट कॉम किंवा एखाद्या अनोळखी संस्थेचं नाव असतं. म्हणजे तुम्ही कुणा परक्या संस्थेचे कर्मचारी किंवा विद्यार्थी म्हणून नोंदले गेलात. तिथला ॲडमिन तुमचा पासवर्ड बदलू शकतो, वनड्राइव्हवरच्या फाइल्सपर्यंत पोचू शकतो आणि खातं एका क्लिकने उडवू शकतो. आधार, पॅन, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट अशा कागदांचे स्कॅन लोक त्यात ठेवतात. असं खातं आत्ता वापरत असाल तर आजच फाइल्स उतरवून घ्या, तिथून पुसा आणि ते खातं मशीनवरून काढा.

७. सबस्क्रिप्शन घेताना: ट्रायल आणि ऑटोपे

रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे (खात्यातून आपोआप पैसे कापायच्या परवानगीचे) नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कडक लागू झाले आणि ते ग्राहकाच्या बाजूचे आहेत. पहिल्यांदा मँडेट करताना ओटीपी किंवा पिन लागतोच. नंतर सॉफ्टवेअरसारख्या सबस्क्रिप्शनचे १५,००० रुपयांपर्यंतचे हप्ते विनाओटीपी कापले जातात, त्यावरच्या रकमेला दरवेळी ओटीपी. कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेकडून सूचना यायला हवी आणि तिच्यात नको म्हणायची सोय हवी. हा एसएमएस जाहिरातींच्या गर्दीत हरवतो. घरात ज्याच्या नंबरवर बँकेचे मेसेज येतात, त्यालाच सबस्क्रिप्शन सांभाळू द्या.

यूपीआय ऑटोपे मान्य करताना पडद्यावर दोन आकडे असू शकतात: आत्ता जाणारा एक रुपया, आणि खाली बारीक अक्षरात 'अमुक रकमेपर्यंत, दर तिमाहीला'. पिन टाकताना तुम्ही मान्य करता तो दुसरा आकडा. ॲपची किंमत ४९९ आणि मर्यादा ५,००० असेल तर उद्या दर वाढला तरी पैसे मुकाट जातील. मर्यादा बदलायची सोय असेल तर किमतीच्या जवळ आणा.

ट्रायल सुरू केली त्याच क्षणी फोनच्या कॅलेंडरमध्ये संपण्याच्या दोन दिवस आधीची आठवण लावा. आयफोनवर ट्रायल किंवा मुदत संपायच्या किमान २४ तास आधी कॅन्सल करावं लागतं, शेवटच्या रात्रीची वाट बघून चालत नाही.

'मासिक' या शब्दाला भुलू नका. ॲडोबीच्या काही प्लॅनमध्ये करार वर्षाचा असतो, फक्त पैसे महिन्याला जातात. चौदा दिवसांनंतर मध्येच सोडलंत तर उरलेल्या महिन्यांच्या रकमेच्या निम्मे पैसे मागतात. याच शुल्कावरून फेडरल ट्रेड कमिशनने प्रकरण पुढे पाठवल्यावर अमेरिकी सरकारने जून २०२४ मध्ये ॲडोबीवर दावा लावला. एका स्मरणिकेपुरतं महिनाभरच लागणार असेल तर खरोखर महिन्याचा प्लॅन घ्या, तो महाग दिसला तरी.

८. बंद करताना दोन्ही टोकं बंद करा

ॲप फोनवरून काढून टाकणं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद करणं नव्हे.

अँड्रॉइडवर प्ले स्टोअर, वरचा प्रोफाइल फोटो, 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स', मग 'सबस्क्रिप्शन्स'. आयफोनवर सेटिंग्ज, सगळ्यात वर स्वतःचं नाव, मग 'सबस्क्रिप्शन्स'. थेट कंपनीच्या साइटवरून घेतलं असेल तर ते या दोन्ही याद्यांत दिसणारच नाही. तिथे त्या साइटवरच्या खात्यात जावं लागतं.

त्यानंतर पैशांचं टोक. यूपीआय ॲपमध्ये प्रोफाइलखाली 'ऑटोपे' शोधा आणि ते मँडेट रद्द करा. कार्डावरचं असेल तर बँकेच्या साइटवर 'स्टँडिंग इन्स्ट्रक्शन्स' किंवा 'ई-मँडेट' या नावाखाली सापडतं. क्रम हाच ठेवा: आधी कंपनीकडे कॅन्सल, कॅन्सल झाल्याचा ईमेल हातात, मग मँडेट. उलट केलंत तर कंपनीच्या दृष्टीने करार सुरूच राहतो आणि थकबाकीचे मेल येत राहतात. आणि दोन्हींच्या आधी, पायरी ३ मधलं सगळं उतरवून घेतलेलं असावं.

९. पैसे अडकले तर

आधी कंपनीला लेखी, ईमेलने. फोनवरचं बोलणं पुरावा म्हणून टिकत नाही. न विचारता किंवा २४ तास आधीच्या सूचनेशिवाय पैसे कापले असतील तर बँकेकडे तक्रार करा आणि तक्रार क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, त्याला पैसे लागत नाहीत. बनावट विक्रेत्याने फसवलं असेल तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. पहिले काही तास मोलाचे असतात.

बंद करायचं बटण लपवून ठेवणं, फुकट ट्रायलसाठी आधी ऑटोपे मागणं याला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' म्हटलं आहे. मनाई केलेल्या १३ फसव्या पद्धतींपैकी ती एक. तक्रारीत हा शब्द वापरा आणि पडद्याचे स्क्रीनशॉट जोडा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीतही बोलता येतं.

तिथेही सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. विक्रेता दिल्लीचा असो की परदेशातला, २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रार तुम्ही राहता तिथे करता येते. फॉर्ममध्ये जिल्हा निवडताना नवी मुंबईकर चुकतात: ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात, पण खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल, उलवे हे रायगड जिल्ह्यात. धंद्यासाठी घेतलेल्या सॉफ्टवेअरवर सहसा ग्राहक म्हणून दाद मागता येत नाही, मात्र स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असलेल्या छोट्या कामाला सूट आहे, तेव्हा घरातून पत्रिका डिझाइन करणाऱ्यांनी माघार घेऊ नये. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करा. सोबत बिल, पैसे गेल्याचा बँकेचा उतारा, कॅन्सलचा ईमेल आणि स्क्रीनशॉट, प्रत्येकावर तारीख दिसेल अशी.